गोळ्यांचे वाटे

इसहाक गावित तरुणपणी ससा हाताने धरायचा. कुत्रा नाही, फासा नाही. सशाच्या मागे इतका वेळ पळायचा की ससा शेवटी एखाद्या बांधावर बसकण मारायचा आणि म्हणायचा, "काका, आधी पाणी पाजा, मग काय करायचं ते करा." सशाचं बोलणं मी पदरचं घातलंय. बाकीचं खांडबाऱ्याच्या बाजारात कुणालाही विचारून घ्या.

असा माणूस म्हातारपणी घरात बसेल कसा? गावातल्या पोरापोरींना तो पोलीस भरतीसाठी पळायला शिकवायचा. खांडबाऱ्याच्या पुढे, जिथे गाव डोंगराला टेकलंय तिथे, चर्चच्या मागे एक मोकळं रान आहे. तेच मैदान. उजाडता उजाडता दहा-बारा जण जमायचे. फी नाही, शिट्टी नाही. इसहाक दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचा, ती पार गुजरातेत ऐकू जायची आणि तिकडची गुरं उठून चालायला लागायची. मी खांडबाऱ्याचा. गुडघ्यांना चालणं हवं असं डॉक्टरने सांगितलेलं, म्हणून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून तिथपर्यंत जायचो आणि सागाच्या ओंडक्यावर बसून इतरांचं पळणं बघायचो. गुडघ्यांना त्यानेही आराम पडतो.

इसहाकला एक खोड होती. तो खरं बोलायचा. एका लग्नात यजमानाने सहज विचारलं, वरण कसं झालंय, तर हा पठ्ठ्या पानावरून उठला, हात धुतले आणि वरणाचं काय काय चुकलंय ते नीट सांगितलं. तेव्हापासून त्याला लग्नाचं आवतण येतं, पण वऱ्हाड जेवून उठल्यावर. मी त्याचा जुना दोस्त, आणि माझा तर दिवस थापेशिवाय मावळत नाही. लोक म्हणायचे, या दोघांना एकत्र कालवलं तर दोन बरी माणसं निघतील.

दुसरी गोष्ट वाट्यांची. ती त्याच्या एकट्याची नव्हे, गावाची रीत. नदीत मासे धरले की सगळे एका जागी ओतायचे. जितकी घरं तितकी पळसाची पानं मांडायची, पानापानावर सारखे ढीग घालायचे. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा ढीग. मासा बारका निघाला, काट्यांचा निघाला, तक्रार नाही. जो आजारी म्हणून नदीवर आलाच नाही त्याचाही वाटा असतो.

इसहाकने हीच रीत मैदानात आणली होती. कुणाच्या घरून उकडलेली अंडी आली, कुणाकडून शेंगा आल्या, जे येईल त्याचे वाटे पडायचे. पाठ करून तो स्वतः उभा राहायचा. रूथ ही त्याची नात, त्याच्या इमॅन्युएलची मुलगी. तिचं नाव तो सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. कुणी बोट दाखवायला नको.

ही रूथ पळायला लागली की तिची सावली दमून आंब्याखाली थांबायची आणि परतीच्या फेरीला तिला गाठायची. बायकांना भरतीत आठशे मीटर असतात. ते अंतर रूथ ज्या वेळात काढायची, त्यात आणखी थोडीशीच कसर राहिली होती. तेवढी मोडली की नंदुरबारच्या यादीत तिचं नाव लागणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि ते लागायलाच हवं होतं. इमॅन्युएल सुरतेला साड्यांच्या एका गाळ्यात कामाला. त्याने मुलीला सांगून ठेवलं होतं, "ही एक भरती दे. झाली तर देवाची दया. नाही झाली तर माझ्यासोबत चल, पॅकिंगला पोरी लागतातच." रूथ लहानपणी एकदा त्या गाळ्यात राहून आली होती. तिथे खिडकी नव्हती. त्याच्याविषयी विचारलं की ती एवढंच सांगायची, "तिथे दिवस कधी उजाडतो ते भिंतीवरच्या घड्याळाला विचारावं लागतं."

रंजना तिची जोडीदारीण, पलीकडच्या पाड्यावरची. दोघी पहिलीपासून एका बाकावर. रंजनाचे आईबाप दरवर्षी ऊस तोडायला बारडोलीकडे जातात. त्या साली बापाचा हात मोडला म्हणून कोयता रंजनाच्या हातात आला. होळीनंतर परतली तेव्हा इतकी वाळली होती की वाऱ्याच्या दिवशी तिच्या खिशात आम्ही दगड टाकायचो, नाहीतर ती थेट नवापूरला जाऊन पडली असती. पहिल्याच फेरीला ती अर्ध्यात बसली. रूथ पुढे गेलेली परत फिरली आणि तिच्याशेजारी मातीत बसली. इसहाक ओरडला, "तू का थांबलीस?" ती म्हणाली, "दोघींचं एकच पळणं आहे, आजा."

तेव्हाच हेमकांत आला. हा धानोऱ्याचा, पपईवाल्यांच्या घरचा मुलगा. कुठल्याशा कॉलेजात खेळ शिकवायचा आणि पळणाऱ्यांच्या रक्तावर मोठा अभ्यास करत होता. इसहाकशी तो मराठीत बोलायचा, माझ्याशी अहिराणीत, आणि चिडला की दोघांशीही अहिराणीत. एका लॅबवाल्याला घेऊन आला, पोरांच्या घरच्यांना विचारून प्रत्येकाचं थोडं थोडं रक्त घेतलं. विनोद नावाचा एक दांडगा गडी सुई बघूनच आडवा झाला. पोलीस व्हायचं होतं त्याला.

काही दिवसांनी हेमकांत परत आला. हातात गोळ्यांचा डबा. पोरं टेकडीवर गेली होती, ओंडक्यावर आम्ही दोघंच.

"बाबा, या सगळ्यांत रंजना एकटी रिकामी आहे," तो इसहाकला म्हणाला. "क जीवनसत्त्व नावालासुद्धा नाही तिच्या अंगात. उसाच्या फडात काय खायची ती?"

"भाकर. मीठ, मिरची. दुसरं काय."

"मग बरोबर आहे. ही गोळी तिला रोज द्यायची. अँटिऑक्सिडंट म्हणतात, क आणि ई दोन्ही आहेत यात. ती उभी राहील बघा."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना नको."

इसहाकची भुवई वर गेली. हेमकांतने ओंडक्यावर बैठक मारली आणि समजावून सांगायला लागला. माणूस जोरात पळाला की अंगात एक प्रकारचा गंज सुटतो. तो घासून काढायला अंगाकडे स्वतःची राख असते. रोज गंज चढतो, रोज अंग घासतं, आणि घासता घासता तयार होतं. रंजनाच्या घरात राखच संपलेली, तर तिला बाहेरून दिली पाहिजे. पण ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला बाहेरून ढीगभर दिली, तर कुणाकुणाच्या अंगाची शिकायची सवयच मोडते.

"सासूच रोज सगळी भांडी घासून ठेवायला लागली, तर सून कशाला शिकेल?" तो म्हणाला.

"सुनेला बरं वाटेल," मी म्हटलं.

"बरंच वाटेल, तात्या. पण पळणं पुढे जायचं नाही. आणि सगळ्यांचं सारखं होतं असंही नाही. कुणाला काहीच होत नाही, कुणाला आड येतं. आधी सांगता येत नाही, हाच तर माझा अभ्यास आहे." मग त्याने टेकडीकडे बघितलं. "मला भीती रूथची वाटते. तिच्या रक्तात आधीच काठोकाठ आहे."

असणारच. ती पोर कैऱ्या इतक्या खायची की झाडं तिला बघून डहाळ्या वर उचलायची. शेवग्याचा पाला, आंबाडी, लिंबू, आवळ्याची सुपारी. जे आंबट ते तिच्या तोंडात.

इसहाकने डबा ठेवून घेतला आणि रंजनाला एकटीला बाजूला बोलावून गोळी दिली. पोरीने हातात घेतली, "हो आजा" म्हणाली, आणि बोरीच्या काट्यांत टाकून दिली. हे चार-पाच दिवस चाललं. बोरीखाली चरणाऱ्या कोंबड्यांनी त्या गोळ्या टिपल्या आणि पुढे महिनाभर त्या गावात कुत्र्याला कोंबडी सापडली नाही, इतक्या त्या पळायच्या. कोंबड्यांचं सोडून द्या, पण काट्यांत पडलेल्या गोळ्या इसहाकने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या.

"का टाकतेस?" त्याने विचारलं.

रंजना मान खाली घालून म्हणाली, "मी काही सिकलवाली नाही."

आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सिकलसेल, म्हणजे आईबापांच्या रक्तातून येणारा रोग, त्याची तपासणी गावोगाव होते. ज्याच्या रक्तात ते निघालं त्याला रोज गोळी घ्यावी लागते. त्यामुळे एखादी पोर एकटीच रोज गोळी खाताना दिसली की बायका विहिरीवर तिच्याकडे बघून दोन शब्द जास्त बोलतात, आणि तिला मागणं घालणारे वाट बदलतात. रंजनाला तो रोग नव्हता. पण गोळी काय, कपाळावर नाव लिहून येत नाही.

"सगळे खातील तर मी खाईन," ती म्हणाली. "एकटी नाही खाणार."

हेमकांतला फोन लावला. तो म्हणाला, त्यात काय, अगदी तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या मी करून आणतो. बाकीच्यांना त्या द्या, रंजनाला खरी. कुणाला काही कळणार नाही.

"माझ्या मैदानात खोटं नको," इसहाक म्हणाला.

मी हात जोडले. म्हटलं, "इसहाक, तुला बोलायचं नसेल तर मी बोलतो. माझा रोजचाच आहे हा धंदा. मी गोळ्या वाटीन, वर सांगीन की या हिमालयातल्या बोकडाच्या दाढीपासून केल्यात. पोरं मिटक्या मारत खातील."

"तू सुरुवात केलीस की थांबत नाहीस, दोधू. आणि उद्या त्यांना कळलं की आजाने साखर चारली, तर पुढचं माझं काय खरं मानतील?"

"मग त्यांना खरं सांग. हेमकांत म्हणाला ते सगळं सांग."

तो ओंडक्यावर माझ्याजवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं की ही गोळी रूथला आड येईल, तर रूथ घेईल की नाही मला माहीत नाही. पण रंजना नक्की घेणार नाही. जोडीदारणीचं नुकसान करून ती एक घास गिळायची नाही. आणि गोळी नाही घेतली तर ती या भरतीत धावतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटे घालायचे. खरी गोळी, सगळ्यांना सारखी. हेमकांतच म्हणाला ना, कुणाला काहीच होत नाही. रूथला होईलच कशावरून? तू मात्र तोंड उघडायचं नाहीस."

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्याचं म्हणणं पडलं. मी त्याला सांगितलं की बाबा, या व्यवसायात माझा जन्म गेला. गप्प राहणं हे खोट्याचं धाकटं भावंड आहे, फक्त ते शाळेत जातं म्हणून अंगावर कपडे बरे असतात. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पळसाची पानं मांडली गेली. पानापानावर आठवड्याच्या गोळ्या. इसहाक पाठ करून उभा राहिला. विनोद ढिगावर बोट ठेवायचा, "हा कुणाचा?" आणि इसहाक नाव घ्यायचा. रंजनाचा ढीग रंजनाला मिळाला. शेवटचा रूथचा. रूथने सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली, तोंड वाकडं करून रंजनाला म्हणाली, "आंबट आहे ग. तुला नको असेल तर मला दे." रंजनाने घाईघाईने आपली गिळली.

डबा लवकरच संपला. पुढच्या गोळ्या इसहाकने खांडबाऱ्याच्या मेडिकलमधून आणल्या. हेमकांत परीक्षांच्या कामात अडकला होता, त्याचं येणं थांबलं.

रंजना उभी राहिली. आधी तिच्या खिशातले दगड निघाले. मग तिच्या गालांवर रंग चढला, मग पूर्ण फेरी मारायला लागली, मग एक दिवस फेरी संपवून आमच्यासमोर आली आणि म्हणाली, "आणखी एक मारू का?" सुरतकडे जाणारी गाडी रुळावरून जाताना तिच्याशी शर्यत लावायची म्हणून ड्रायव्हर भोंगा वाजवायचा आणि हरल्यावर लाजून खांडबाऱ्याला न थांबताच निघून जायचा. त्याबद्दल प्रवाशांच्या तक्रारीही आल्या होत्या, असं मी तरी सगळ्यांना सांगत होतो.

बाकीच्यांचं जसं होतं तसं चाललं. विनोद म्हणाला, माझी भूक वाढली. विनोदची भूक कशानेही वाढते. आणखी दोघा-तिघांना काहीच फरक नाही.

आणि रूथ. ती वाईट पळत नव्हती, फसगत झाली ती तिथेच. ती दमत नव्हती, अंग दुखत नव्हतं, सकाळी उठायला कुरकुर नव्हती. फक्त ती होती तिथेच होती. जी थोडीशी कसर मोडायची होती, ती तेवढीच राहिली. इसहाकने तिला टेकडीच्या जास्त फेऱ्या दिल्या. तिने घेतल्या. त्याने आणखी दिल्या. ती तेवढ्याच वेळात परत यायची, जणू कुणी तिच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक खुंट्याला ठोकलंय.

"तुझं लक्ष कुठे आहे?" इसहाकने एकदा तिला सगळ्यांसमोर विचारलं.

"पायात आहे, आजा."

"मग पाय जड झालेत का?"

"जड नाहीत." ती विचार करून म्हणाली, "आधी आणखी मागितलं की द्यायचे. आता मागितलं की ऐकून घेतात, पण देत नाहीत."

मी इसहाककडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी परत निघताना म्हटलं, "बंद कर तिची." तो म्हणाला, "मधेच एकीची बंद केली तर का म्हणून विचारतील. थोडे दिवस राहिलेत." मला वाटतं, गोळी तिला आड येतेय हे त्याला स्वतःलाच मानायचं नव्हतं. रूथ कमी पडतेय हे तिच्या मनाचं आहे, असं धरून चाललं की मग दोष त्याच्याकडे येत नव्हता.

भरतीची तारीख लागली आणि हेमकांत आला. रंजनाला पळताना बघून तो लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. मग रूथ पळाली. त्याने हातातलं घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, कानाला लावून बघितलं.

"ही कितीक दिवसपासून आठेच शे?" त्याने मला विचारलं. कधीपासून इथेच अडकलीय, असं.

मी इसहाककडे मान वळवली. इसहाक खरं बोलणारा माणूस; विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. हेमकांतच्या तोंडून मराठी गेली.

"बाबा, मी काय सांगेल व्हतं तुम्हले? रूथनंच नाव लिधं व्हतं ना मी? आन तुम्ही मासासना मायक वाटा पाडात?" माशांसारखे वाटे पाडलेत, असं.

"ओरडू नको, पोरं ऐकतील."

"ऐकू द्या ना. तेस्ले पहिलेच सांगनं व्हतं."

पोरं लांब होती, त्यांच्या कानावर काही गेलं नाही; पण त्या दिवसापासून वाटे बंद झाले. गोळी फक्त रंजनाला. आणि गंमत बघा, रंजना ती सगळ्यांसमोर, पाण्याच्या बाटलीसोबत, एकटी खायला लागली. तिला आता कुणाची पर्वा नव्हती. जी पोर सगळ्यांच्या पुढे पळते, तिला सिकलवाली कोण म्हणणार? म्हणजे रूथची गोळी कधीच बंद करता आली असती. इसहाकला हे त्याच ओंडक्यावर बसून उमगलं. मी त्याचा चेहरा बघितला आणि तेव्हा मला एकही थाप सुचली नाही.

उरलेल्या दिवसांत रूथ थोडी हलली. थोडीच. भरतीच्या दिवशी नंदुरबारला पोलीस मैदानावर आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे होतो. रंजना अशी आली की दोरीवाल्या शिपायाने दोरी धरायच्या आधीच ती पार होती. रूथ तिच्या मागे, जीव तोडून. मी अनेक शर्यती रंगवून सांगितल्यात, या शर्यतीला रंग लावायला माझी जीभ उचलत नाही. ती चांगली पळाली. पुरेशी नाही. गोळाफेक, शंभर मीटर, लेखी, सगळं धरून यादी लागली तेव्हा रंजनाचं नाव वर होतं. रूथचं नाव यादीत नव्हतं; यादी आणखी एक-दोन ओळी लांबली असती तर लागलं असतं, इतकं जवळ.

इसहाकने हेमकांतला विचारलं, "खरं सांग. गोळीमुळे झालं का?"

हेमकांतचा राग तोवर ओसरला होता. "नाही सांगता येत, बाबा. असेल. नसेलही. कदाचित तिची मजलच तेवढी होती. हीच पोर, हेच दिवस, एकदा गोळीसकट आणि एकदा गोळीशिवाय पळवता आली असती तर सांगितलं असतं."

इसहाकला "हो" चालला असता. "नाही" तर फारच चालला असता. यातलं काहीच न मिळाल्यामुळे तो बरेच दिवस शिक्षा शोधत हिंडणाऱ्या माणसासारखा दिसायचा.

इमॅन्युएल रूथला न्यायला आला. खांडबारा स्टेशन माझ्या घरापासून जवळ, मी पोचवायला गेलो. दुपारची गाडी होती. रूथच्या पायाशी एक पिशवी, अंगावर नवा ड्रेस, पायात तेच पळायचे बूट. इमॅन्युएल तिकीट काढायला गेला, तेवढ्यात इसहाक तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी बाजूला व्हायला लागलो, तर त्याने माझी बाही धरली. साक्षीदार हवा असावा.

त्याने तिला सगळं सांगितलं. हेमकांत काय म्हणाला होता, कुणाचं नाव घेऊन म्हणाला होता, साखरेच्या गोळ्यांचं त्याने कसं सुचवलं होतं, आपण का गप्प बसलो. काही झाकलं नाही, काही सावरलं नाही. रूथ रुळांकडे बघत ऐकत होती.

"रंजनाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"तिला सांगू नका. तिची नोकरी कडू होईल."

"बरं."

 मला वाटलं आता रूथ म्हणेल, जाऊ द्या आजा. आमच्याकडची पोरगी असंच म्हणते. इसहाकही त्याचीच वाट बघत होता, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

"मला विचारलं असतं," रूथ म्हणाली, "तर मी खाल्लीच असती. तिच्यासाठी. तुम्हाला माहीत होतं ना ते?"

"मनात कुठेतरी माहीत होतं."

"मग विचारलं का नाही?"

इसहाकने तोंड उघडलं. जन्मभर ज्याच्या जिभेवर खरं आयतं बसलेलं असायचं, तो माणूस शब्द शोधत उभा राहिला.

"मी दिली असती ना, आजा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझं पळणं मी रंजनाला दिलं असतं. मग आज मी सुरतेला जातानासुद्धा ते माझंच दिलेलं असतं. आता ते तुम्ही काढून घेतलेलं आहे."

इमॅन्युएल तिकिटं घेऊन आला. गाडी आली, आणि खरंच सांगतो, वेळेवर आली, थांबली आणि वेळेवर गेली. रूथने आजाच्या पाया पडून घेतलं, खिडकीजवळ जागा मिळाली तिथे बसली. हात हलवला तो मला. त्याला नाही.

स्टेशनबाहेर आलो तेव्हा इसहाक म्हणाला, "दोधू, विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती तर?"

"तर रंजना घरी बसली असती."

"मग?"

"मग काय. ते तिने ठरवलं असतं."

 रस्ताभर मी त्याला एका म्हशीची गोष्ट सांगत होतो, जी आगगाडीचं तिकीट काढून नवापूरला नवऱ्याकडे गेली. त्याने ऐकली की नाही कोण जाणे.

मैदान चालू आहे. यंदा नवी पोरं आली आहेत, त्यात गावातल्या रूपलीबाईची धाकटी मुलगी पण आहे, काटकुळी, चपळ. परवा इसहाक तिच्यासमोर उकिडवा बसला आणि विचारत होता, "आज टेकडी चढायची की सपाटीवर पळायचं? तुझं अंग काय म्हणतं?"

पोरीने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"तुम्ही म्हणाल तसं, आजा."

"मी म्हणेन तसं नाही. तुला काय वाटतं ते सांग."

पोरीने माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याला बरं नाही का, अशा नजरेने. मग पुन्हा म्हणाली, "तुम्ही सांगा ना."

इसहाक तसाच उकिडवा बसून राहिला. ऊन चढायला लागलं होतं. बाकीची पोरं एकेक करून टेकडीकडे निघून गेली. त्याने तिला अजून एकदा विचारलं.